परवान्याचे अरण्य

१८९२ च्या मार्च महिन्यात ऑस्कर बाऊमान हा ऑस्ट्रियन प्रवासी आपल्या हमालांच्या तांड्यासह न्गोरोंगोरोच्या कड्यावरून खाली उतरला, तेव्हा कोणाही युरोपियनाच्या दृष्टीस तोवर न पडलेले ते विस्तीर्ण ज्वालामुखकुंड श्वापदांनी गजबजलेले होते. परंतु त्याच्या छावणीच्या काटेरी कुंपणाबाहेर जी गर्दी जमली ती श्वापदांची नव्हे, माणसांची होती. खोल गेलेल्या डोळ्यांत भुकेचे वेड दिसत असलेल्या मसाई स्त्रिया, दोन पायांवर उभे राहण्याचेही त्राण न उरलेले एके काळचे योद्धे आणि मरणाची वाट पाहत बसलेले वृद्ध यांचे वर्णन त्याने आपल्या प्रवासवृत्तात करून ठेवले आहे. मेलेले गाढव ही या लोकांना मेजवानी वाटे. हाडे, कातडी, गुरांची शिंगेसुद्धा ते सोडीत नसत. दोन-तीन वर्षांपूर्वीपर्यंत मोठमोठ्या खिल्लारांचे धनी असलेल्या या समाजावर ही पाळी आणली होती ती बुळकांडीने.

आपल्याकडील शेतकऱ्याच्या पिढ्यान्‌पिढ्या परिचयाचा हा रोग १८८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस तांबड्या समुद्रावरील मस्सावा बंदरात, इटालियन फौजेच्या रसदीसाठी आणलेल्या गुरांबरोबर, आफ्रिकेच्या भूमीवर उतरला, आणि ती गुरे हिंदुस्थानातून गेली होती असे बहुतेक इतिहासकारांचे मत आहे. या रोगाशी कधीही गाठ न पडलेल्या तेथील गुरांत प्रतिकाराची शक्ती मुळीच नव्हती. साथ दक्षिणेकडे सरकत १८९६-९७ पर्यंत खंडाच्या दुसऱ्या टोकाला पोहोचली, आणि तिच्या वाटेवर ठिकठिकाणी दहांतील नऊ जनावरे दगावली. मागोमाग देवीची साथ आली, दुष्काळ आला. मसाईंपैकी दोन-तृतीयांश लोक नाहीसे झाले असावेत असा बाऊमानचा अंदाज होता. गुरे गेली म्हणून चराऊ राने झुडुपांनी व्यापली. झुडुपांबरोबर त्सेत्से माशी आली. आणि माशीमुळे उरल्यासुरल्या माणसांना व गुरांना त्या रानांत परतणे दुर्घट झाले. वन्य पशूंतही मर झाली होती; पण जे कोणाला विकत घ्यावे लागत नाहीत अशा त्या कळपांची तूट माणसांच्या कळपांपेक्षा लवकर भरून निघाली.

अशा रीतीने रिकाम्या झालेल्या प्रदेशात चार-दोन वर्षांनी इंग्रज आणि जर्मन अंमलदार आले, आणि ही भूमी सृष्टीच्या आरंभापासून अशीच निर्मनुष्य असली पाहिजे असे त्यांनी धरून चालविले. पूर्व आफ्रिकेतील सफारीचा सारा इतिहास या समजुतीच्या पायावर उभा आहे. उघड्या छताच्या मोटारीतून ज्या अरण्याचे दर्शन आजचा प्रवासी घेतो ते रोगराईने, आगगाडीने, शिकारीच्या परवान्यांनी आणि विस्थापनाच्या हुकुमांनी घडविलेले आहे. ते कसकसे घडत गेले हे सांगण्याचा येथे प्रयत्न आहे.

या प्रदेशात लांबच्या प्रवासाची पद्धत युरोपियनांनी घालून दिलेली नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासूनच झांझिबारसमोरच्या बागामोयो या बंदरातून हस्तिदंताचे काफिले आत जात व महिनोन्‌महिने चालून परत येत. झांझिबारच्या सुलतानाच्या जकातीचा मक्ता अनेक वर्षे जयराम शिवजी या कच्छी भाटियांच्या पेढीकडे होता. काफिल्यांना लागणारे भांडवल मुख्यतः हिंदी सावकार पुरवीत. आणि हस्तिदंताचा मोठा हिस्सा मुंबईच्या बाजारात येऊन त्याच्या बांगड्या होत. पुढे युरोप-अमेरिकेत पियानोच्या पट्ट्या आणि बिलियर्डचे चेंडू यांसाठी मागणी वाढली, तेव्हा हत्तींच्या मागावर काफिले अधिकाधिक आत शिरू लागले. पुढे नायक, मग हत्यारबंद शिपाई, त्यांच्यामागे डोक्यावर साठ-साठ पौंडांचे ओझे घेतलेल्या हमालांची रांग आणि अखेरीस स्वयंपाकी, ही काफिल्याची रचना बर्टन, स्पीक, स्टॅन्ले या संशोधकांनी जशीच्या तशी उचलली, आणि त्यांच्यामागून आलेल्या शिकाऱ्यांनीही तीच चालू ठेवली.

या काफिल्यांतील एका धाग्याचे टोक थेट नाशिकपर्यंत येते. अरबी समुद्रात इंग्रज युद्धनौकांनी गुलामांच्या गलबतांवरून सोडविलेल्या आफ्रिकन मुलांसाठी नाशिकजवळ शरणपूर येथे ख्रिस्ती मिशनऱ्यांनी आश्रम चालविला होता. तेथे लिहिणे-वाचणे आणि हातांचे धंदे शिकलेल्या तरुणांपैकी काहींना डेव्हिड लिव्हिंग्स्टन याने १८६५ मध्ये मुंबईत असताना आपल्या शेवटच्या मोहिमेसाठी निवडले. त्याच आश्रमात वाढलेला जेकब वेनराइट हा मागाहून, १८७२ मध्ये, त्याला येऊन मिळाला. १ मे १८७३ च्या सुमारास लिव्हिंग्स्टन मरण पावला, तेव्हा सुसी आणि चुमा यांच्या नेतृत्वाखाली त्याच्या अनुचरांनी त्याचे शव वाळवून, गुंडाळून, हजारांहून अधिक मैलांची वाट तुडवीत समुद्रकाठी आणले. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टरच्या मठात त्याचे दफन झाले त्या वेळी जेकब तेथे उपस्थित होता. मोहिमेचे नाव एकाचे आणि ओझे दुसऱ्यांच्या डोक्यावर, हा त्या काळचा सार्वत्रिक शिरस्ता होता, आणि सफारी शिकारीसाठी निघू लागल्यावरही तो बदलला नाही.

बदल घडविला तो आगगाडीने. १८९५ मध्ये ब्रिटिश पूर्व आफ्रिकेवर इंग्लंडचा अंमल सुरू झाला, आणि पुढच्याच वर्षी मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत लोहमार्ग घालण्याचे काम हाती घेण्यात आले. त्यासाठी हिंदुस्थानातून सुमारे बत्तीस हजार मजूर करारावर नेण्यात आले, त्यांपैकी बहुतेक पंजाबातील होते. सुमारे अडीच हजार तेथेच मृत्यू पावले. १८९८ मध्ये त्सावो नदीवर पुलाचे काम चालू असता दोन आयाळविहीन सिंहांनी रात्रीमागून रात्री तंबूंतून मजूर ओढून नेण्यास आरंभ केला. काटेरी कुंपणे, शेकोट्या, डबे बडविणे यांपैकी कशालाही ते जुमानीनात, आणि अखेर घाबरलेल्या मजुरांनी काम टाकून जाणारी गाडी अडविली. पॅटर्सन या लष्करी इंजिनिअरने त्या वर्षाच्या डिसेंबरात ते दोन्ही सिंह मारले, त्यांवर पुस्तक लिहिले, आणि १९२४ मध्ये त्यांची कातडी शिकागोच्या संग्रहालयाला विकली. ज्यांचे प्राण गेले त्या मजुरांची कहाणी त्या पुस्तकामुळे जगाला समजली हे खरे. परंतु पुस्तकाचा जो परिणाम झाला तो निराळाच झाला. त्सावोचे नाव ऐकून विलायतेतील धनिकांना तेथे जाऊन सिंह मारण्याची इच्छा होऊ लागली.

१८९९ मध्ये रेल्वेची कोठारे आणि कार्यशाळा यांसाठी दलदलीच्या कडेला एक ठाणे वसविण्यात आले, तेच नैरोबी. त्या ठाण्याचा संसार निम्मा हिंदी होता. चलन हिंदी रुपयाचे, दर पाउंडाला पंधरा रुपये. फौजदारी कायदा हिंदुस्थानचा. दुकाने गुजराती व कच्छी व्यापाऱ्यांची. आणि दफ्तरांतील कारकून पुष्कळसे गोमंतकीय. गोव्याचे डॉ. रोझेंदो रिबेरो हे तर पाळीव झेब्र्यावर स्वार होऊन रोगी तपासावयास जात, आणि १९०२ मध्ये नैरोबीत प्लेग आल्याचे निदान करणारेही तेच होते. १९०१ च्या अखेरीस लोहमार्ग सरोवराला जाऊन मिळाला. त्यावर झालेला पंचावन्न लाख पाउंडांचा खर्च भरून कसा काढावयाचा ही सरकारला विवंचना होती. म्हणून गोऱ्या वसाहतवाल्यांना जमिनी देण्यात आल्या, आणि गाडीच्या खिडकीतून दिसणाऱ्या श्वापदांची जाहिरात विलायतेत भिंतीभिंतींवर लागली. पूर्वी जेथे पोहोचावयास महिने लागत तेथे शिकारी आता दोन दिवसांत येऊ लागला. १९०४ च्या नाताळात नॉरफोक हॉटेल उघडले, आणि त्याच सुमारास न्यूलँड आणि टार्लटन यांची पेढी हमाल, तंबू, शिधा, वाटाडे यांचा संपूर्ण बंदोबस्त ठरीव रकमेत करून देऊ लागली.

बंदुका वाढल्या तसे कायदे आले. १९०० च्या मे महिन्यात आफ्रिकेत वसाहती असलेल्या युरोपीय राष्ट्रांनी लंडन येथे वन्य पशूंच्या रक्षणार्थ एका करारावर सह्या केल्या. करार पुरतेपणी अमलात कधीच आला नाही, परंतु त्यातील विचारसरणी वसाहतींच्या कायद्यांत उतरली. जिराफासारख्या काही प्राण्यांना पूर्ण अभय, हत्ती-गेंड्यांवर संख्येची मर्यादा, आणि सिंह, बिबळ्या, तरस, मगर यांना मात्र उपद्रवी ठरवून त्यांचा संहार इष्ट, अशी ती वर्गवारी होती. मगरीची अंडी फोडावीत असेही त्यात सुचविले होते. पूर्व आफ्रिकेत शिकारीचा प्रवासी परवाना पन्नास पाउंडांस, म्हणजे साडेसातशे रुपयांस मिळे. एवढी रक्कम महिन्याकाठी मोजके रुपये मिळविणाऱ्या हमालाच्या स्वप्नातही येणे शक्य नव्हते. त्यामुळे परिणाम असा झाला की, कातडी आणि शिंगे भिंतीवर टांगण्यासाठी मारणारा शिकारी ठरला, आणि पोटासाठी मारणारा चोर ठरला. विषारी बाणांनी हत्ती मारण्यात पिढ्यान्‌पिढ्या निष्णात असलेली, त्सावोच्या परिसरातील वाटा जमात एका कायद्याने गुन्हेगार झाली.

भूमीचीही वाटणी याच वर्षांत झाली. रेल्वेच्या दक्षिणेपासून जर्मन हद्दीपर्यंतचा प्रदेश शिकारबंदीचे राखीव रान म्हणून जाहीर झाला. बुळकांडीतून सावरू लागलेल्या मसाईंना १९०४ च्या कराराने खचदरीतील उत्तम कुरणांतून हलवून लाइकिपिया येथे आणि दक्षिणेकडील राखीव प्रदेशात पाठविण्यात आले. पहिला करार यावच्चंद्रदिवाकरौ टिकेल असे त्यांना सांगितले होते. सात वर्षांनी, १९११ मध्ये, दुसरा करार होऊन लाइकिपियाही त्यांच्याकडून काढून घेण्यात आली. मसाईंनी १९१३ मध्ये न्यायालयात दाद मागितली. तेव्हा हे करार म्हणजे दोन सत्तांमधील तह आहेत, सबब ते या न्यायालयाच्या अधिकारकक्षेत येत नाहीत, असा निर्णय मिळाला. ज्यांच्याकडून भूमी घेतली त्यांना केवळ दावा फेटाळण्यापुरते स्वतंत्र राष्ट्र मानण्याचा हा चमत्कार वसाहतीच्या कायद्यातच घडू शकतो.

या काळातील सर्वांत गाजलेली सफारी निघाली ती १९०९ मध्ये. अमेरिकेचे अध्यक्षपद नुकतेच सोडलेले थिओडोर रूझवेल्ट हे मार्च महिन्यात न्यूयॉर्कहून निघून २१ एप्रिल रोजी मोंबासास पोहोचले. बरोबर मुलगा कर्मिट आणि तीन निसर्गशास्त्रज्ञ होते. मोहीम वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेच्या नावाने होती, आणि खर्चाचा वाटा अँड्र्यू कार्नेगी आदी धनिकांनी उचलला होता. इंजिनाच्या पुढच्या टोकाला बसविलेल्या बाकावर बसून माजी अध्यक्षांनी अरण्य पाहत प्रवास केला, आणि कापिटी या स्थानकावर उतरताच दोनशेंहून अधिक हमाल रांगेत उभे असलेले त्यांना दिसले. सामानात कातडी टिकविण्यासाठी चार टन मीठ होते, आणि डुकराच्या कातड्याने बांधलेल्या पन्नास-साठ ग्रंथांची एक पेटी होती. रक्त, घाम, धूळ आणि बंदुकीचे तेल यांनी साध्या बांधणीची पुस्तके टिकणार नाहीत म्हणून ही योजना केली होती. ही पेटी म्हणजे एका हमालाचे पूर्ण ओझे. रूझवेल्ट झाडाच्या सावलीत अभिजात वाङ्मय वाचीत बसत, तेव्हा ते वाङ्मय तेथवर एका माणसाच्या डोक्यावरून आलेले असे.

छावणीचा दिनक्रम फौजेसारखा आखलेला होता. प्रत्येक हमालाला एक कांबळे, एक बनियनवजा जर्सी आणि रोजचा ठरीव पिठाचा शिधा मिळे. मुक्कामी पोहोचताना ते शिंगे फुंकीत, ढोल वाजवीत, गाणी म्हणत येत. आल्याबरोबर तंबू उभे राहत आणि रूझवेल्टांच्या तंबूवर अमेरिकेचे निशाण चढे. सायंकाळी शास्त्रज्ञ कातडी सोलून त्यांना मीठ चोळीत बसत. ही यात्रा जवळजवळ वर्षभर चालली. १९१० च्या मार्चमध्ये खार्टुम येथे मोहीम संपली तेव्हा पितापुत्रांनी मिळून ५१२ जनावरे मारली होती. त्यांत सतरा सिंह, अकरा हत्ती आणि वीस गेंडे होते, आणि त्या काळीही दुर्मिळ समजल्या जाणाऱ्या पांढऱ्या गेंड्यांपैकी नऊ होते. लहानमोठे प्राणी, पक्षी, कीटक, वनस्पती धरून एकंदर नमुने अकरा हजारांवर गेले. मारता आले असते त्याच्या शतांशही आपण मारले नाही, असे समर्थन रूझवेल्टांनी आपल्या ग्रंथात केले आहे. स्वदेशात राखीव वने आणि पक्ष्यांची अभयस्थाने निर्माण करणारा मनुष्य हे मनापासून लिहू शकत होता, यावरून त्या पिढीच्या दृष्टीत शिकार आणि रक्षण हे परस्परविरोधी शब्द नव्हते हे ध्यानात येते. त्यांच्या लेखांमुळे आणि ग्रंथामुळे अशा सफारीची हौस अमेरिकेतील धनिकांत पसरली, आणि नैरोबीच्या पेढ्यांना गिऱ्हाइकांची वाण राहिली नाही.

बंदुकीला प्रतिस्पर्धी याच वेळी उभा राहिला होता. जर्मन पूर्व आफ्रिकेत कार्ल गेओर्ग शिलिंग्स याने रात्रीच्या अंधारात चकचकाटी दारू पेटवून पाण्यावर आलेल्या सिंहांची छायाचित्रे घेतली होती, आणि १९०५ च्या सुमारास ती युरोपभर प्रसिद्ध झाली. एडवर्ड नॉर्थ बक्स्टन याने १९०३ मध्ये साम्राज्यातील वन्य प्राण्यांच्या रक्षणासाठी संस्था स्थापन केली, आणि बंदूक टाकून कॅमेरा उचला असा उपदेश तो स्वतः शिकारी असूनही करीत असे. तथापि पहिल्या महायुद्धानंतर जी मोटारगाडी आली तिने प्रथम बंदुकीचेच बळ वाढविले. ज्या मैदानांवर पोहोचावयास हमालांना आठवडे लागत तेथे आता नैरोबीहून निघालेला शिकारी दोन-तीन दिवसांत जाऊन, मोटारीत बसल्या बसल्याच, सिंहांचा कळप झोडपून परत येई. युवराज एडवर्ड यांना १९२८ मध्ये आणि पुन्हा १९३० मध्ये सफारीवर नेणारा विख्यात वाटाड्या डेनिस फिंच हॅटन याने या प्रकाराविरुद्ध लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये कडक पत्रे लिहिली. दुसऱ्या सफारीत युवराजांनी बंदुकीपेक्षा चित्रपटाच्या कॅमेऱ्याकडे अधिक लक्ष दिले. सेरेंगेटीचा एक भाग १९२९ मध्ये शिकारीस बंद झाला. आणि १९३३ मध्ये लंडन येथे झालेल्या दुसऱ्या आंतरराष्ट्रीय कराराने केवळ शिकारबंदी पुरेशी नसून कायम स्वरूपाची राष्ट्रीय उद्याने स्थापावीत असा पुरस्कार केला.

उद्यानांसाठी लोकमत घडविण्याची युक्ती मर्व्हिन कावी या नैरोबीत जन्मलेल्या गृहस्थाने केली ती मोठी मासलेवाईक आहे. इंग्लंडमधील शिक्षण संपवून १९३२ मध्ये तो परतला, तेव्हा लहानपणी पाहिलेले कळप विरळ झाल्याचे त्याला दिसले. सरकार दाद देईना. तेव्हा त्याने ‘जुना वसाहतवाला’ या टोपणनावाने वर्तमानपत्रात पत्र लिहिले, आणि शेतीला अडथळा करणाऱ्या साऱ्या श्वापदांचा सरसकट संहार करावा अशी मागणी केली. अपेक्षेप्रमाणे संतापाची लाट उसळली, सभा भरल्या, समिती नेमली गेली, आणि दुसरे महायुद्ध संपताच १६ डिसेंबर १९४६ रोजी नैरोबी राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले. १९४८ मध्ये त्सावोचे वीस हजार चौरस किलोमीटरहून विस्तीर्ण उद्यान झाले. नैरोबीच्या उद्यानातून मसाईंच्या गुरांना आणि त्सावोतून वाटा शिकाऱ्यांना बाहेर काढण्यात आले, याबद्दल मात्र वर्तमानपत्रांत संतापाची पत्रे आली नाहीत.

बसल्या जागी पाहण्याची नवी सफारी केवढी सुरक्षित वाटू लागली होती, आणि ती वाटणे किती वरवरचे होते, हे आबर्डेअरच्या रानातील ‘ट्रीटॉप्स’ या झाडावरील विश्रामगृहाच्या हकिकतीत दिसते. फेब्रुवारी १९५२ मध्ये राजकन्या एलिझाबेथ तेथे एक रात्र हत्ती-गेंडे पाहत बसल्या असता इंग्लंडमध्ये त्यांचे वडील वारले. कुमाऊँच्या नरभक्षक वाघांमुळे आपल्या परिचयाचे झालेले जिम कॉर्बेट निवृत्तीनंतर जवळच न्येरी येथे राहत होते. त्या रात्री तेही तेथे होते, आणि राजकन्या म्हणून झाडावर चढलेली स्त्री राणी होऊन उतरली अशा आशयाची नोंद त्यांनी अभ्यागतांच्या वहीत केली. त्याच वर्षी, हिरावलेल्या जमिनींसाठी किकुयूंचे माऊ माऊ बंड भडकले. आणि १९५४ मध्ये बंडखोरांनी ते विश्रामगृह जाळून टाकले.

जमीन कोणाची, हाच प्रश्न सीमेपलीकडे टांगानिकात सेरेंगेटीच्या निमित्ताने निकराला आला. १९५१ मध्ये न्गोरोंगोरोसह सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यान झाले, तेव्हा तेथील मसाईंचे वास्तव्याचे हक्क अबाधित राहतील असे आश्वासन होते. थोड्याच वर्षांत शेती आणि गुरे यांवरून खटके उडू लागले, आणि १९५६ मध्ये सरकारने उद्यानाचे क्षेत्र कमी करून मसाईंना जागा देण्याची योजना मांडली. युरोप-अमेरिकेतील निसर्गरक्षक खवळले. फ्रँकफुर्टच्या प्राणिसंग्रहालयाचे संचालक बेर्नहार्ड ग्रझिमेक यांनी आपल्या चित्रपटाच्या उत्पन्नातून जमीनच विकत घेऊन देण्याची तयारी दाखविली. जमीन नको, आधी प्राणी कोठून कोठे जातात ते शोधून द्या, असे उद्यानांच्या अधिकाऱ्यांनी सुचविले. तेव्हा ग्रझिमेक आणि त्यांचा मुलगा मिखाएल हे झेब्र्यासारखे पट्टे रंगविलेले लहान विमान स्वतः चालवीत जर्मनीहून सेरेंगेटीला आले, आणि मैदानांवरून घिरट्या घालीत त्यांनी कळपांची गणती केली. आखलेल्या नव्या सीमेच्या बाहेरच प्राणी वर्षातील कित्येक महिने काढतात हे त्यांनी दाखवून दिले. १० जानेवारी १९५९ रोजी एक गिधाड पंखावर आदळून विमान कोसळले आणि चोवीस वर्षांचा मिखाएल ठार झाला. न्गोरोंगोरोच्या कड्यावर त्याचे दफन करण्यात आले. पित्याने पुरा केलेला ‘सेरेंगेटी मरता कामा नये’ हा चित्रपट जगभर गाजला आणि १९६० मध्ये त्याला ऑस्कर पारितोषिक मिळाले.

चित्रपट पडद्यावर येईतो प्रश्नाचा निकाल लागून गेला होता. बारा मसाई म्होरक्यांनी १९५८ मध्ये सेरेंगेटी सोडण्याच्या करारावर संमतीच्या खुणा केल्या. त्या कागदाचा अर्थ आपल्या वडीलधाऱ्यांना पुरता समजावून दिला गेला नव्हता, असे मसाई पुढे सांगत आले आहेत. १९५९ मध्ये उद्यानाचे दोन भाग झाले: सेरेंगेटीत फक्त श्वापदे, आणि न्गोरोंगोरोच्या संरक्षित क्षेत्रात श्वापदांबरोबर गुराखीही. या दुसऱ्या भागात हितसंबंधांचा झगडा झाल्यास मसाईंचे हित अग्रक्रमाने पाहिले जाईल असे वचन त्या वेळच्या गव्हर्नरने दिले.

१९६१ च्या सप्टेंबरात, स्वातंत्र्य अवघ्या तीन महिन्यांवर आले असता, अरुशा येथील परिषदेत टांगानिकाचे नेते ज्यूलियस न्येरेरे यांनी वन्य जीवनाच्या रक्षणाची जबाबदारी जाहीरपणे स्वीकारली. नव्या राष्ट्रांना परकीय चलनाची निकड होती, आणि ते देणारा प्रवासी आता बंदूकधारी धनिक राहिला नव्हता. त्याला आफ्रिकेत आणण्यातही ग्रझिमेक यांचा हात होता. कोणत्याही कंपनीने तशी सहल आखलेली नसताना, आपल्या दूरचित्रवाणीच्या कार्यक्रमात त्यांनी पूर्व आफ्रिकेच्या स्वस्त सहली निघत असल्याचे खुशाल सांगून टाकले, आणि प्रेक्षकांच्या विचारणांचा पाऊस पडताच कंपन्यांना त्या सहली काढाव्या लागल्या. केनियाने १९ मे १९७७ रोजी शिकारीची सफारी कायद्याने बंद केली. पाऊणशे वर्षांपूर्वी साडेसातशे रुपयांस मिळणाऱ्या परवान्याचा तेथील इतिहास येथे संपला.

या सर्वांचे फलित काय, याचा हिशेब एका बाजूने मांडता येत नाही. उद्याने झाली नसती तर नैरोबीच्या परिसरात आज सिंह दिसला नसता, हे निर्विवाद आहे. परंतु परवानाधारी शिकारी गेला म्हणून हत्ती वाचला असेही झाले नाही. १९७० नंतर हस्तिदंताचे भाव चढले आणि चोरटी शिकार स्वयंचलित बंदुकांनी होऊ लागली, तेव्हा केनियात १९७३ च्या सुमारास दीड लाखाहून अधिक समजले जाणारे हत्ती १९८९ पर्यंत वीस हजारांच्याही खाली आले. दुसरीकडे सेरेंगेटीतील वाइल्डबीस्टांची संख्या, जी १९६१ मध्ये अडीच लाखांच्या आसपास होती, ती १९७७ पर्यंत तेरा लाखांच्या घरात गेली. आणि याचे श्रेय पहारेकऱ्यांपेक्षा पशुवैद्यांकडे अधिक जाते. उद्यानाभोवतीच्या गुरांना बुळकांडीची लस टोचली गेल्यामुळे तो रोग श्वापदांतूनही नाहीसा झाला, आणि अनादिकालापासून चालत आलेली म्हणून दाखविली जाणारी वाइल्डबीस्टांची महायात्रा तिच्या आजच्या विराट स्वरूपात उभी राहिली. म्हणजे गुराख्यांच्या गोठ्यात झालेल्या उपचाराने अरण्य भरले.

ज्यांच्या गोठ्यांनी हे उपकार केले त्यांना दिलेले वचन मात्र पाळले गेले नाही. १९७४ मध्ये मसाईंना न्गोरोंगोरोच्या कुंडातून उठविण्यात आले, पुढच्या वर्षी संरक्षित क्षेत्रात शेतीला बंदी झाली, आणि २०२२ पासून तेथील कुटुंबांना शेकडो किलोमीटर दूर हांडेनी जिल्ह्यातील म्सोमेरा येथे हलविण्यात येऊ लागले. स्थलांतर स्वेच्छेचे आहे असे सरकार म्हणते. मसाईंच्या संघटना ते नाकारतात. याउलट केनियात मसाई मारा राखीव क्षेत्राच्या भोवती गेल्या वीस वर्षांत दुसरी पद्धत रुजत आहे. तेथे मसाई जमीनमालक आपली कुरणे खंडाने देतात, पर्यटनाच्या उत्पन्नातून खंड घेतात, आणि नियम पाळून गुरेही चारतात. या पद्धतीतही तंटे आहेत. पण तीत जमिनीचा धनी कोण, याविषयी संदेह नाही.

केनियातील निम्म्याहून अधिक वन्य प्राणी आजही उद्यानांच्या बाहेर, माणसांच्या जमिनीवर राहतात. तेव्हा माणसे हटविल्याशिवाय श्वापदे वाचत नाहीत हा वसाहतकाळाचा सिद्धान्त त्या भूमीनेच खोटा ठरविला आहे असे म्हटले पाहिजे. महाराष्ट्रातून दरवर्षी पुष्कळ कुटुंबे आता मारा आणि सेरेंगेटी पाहावयास जातात. त्यांनी सिंह जरूर पाहावा, परंतु ज्या कुरणावर तो बसला आहे त्याचा खंड कोणाला मिळतो, हेही वाटाड्याला विचारून घ्यावे.